तोरणमाळच्या तलावाकाठी तंबूतील मुक्काम : उन्हाळी सहलीचे नियोजन

खान्देशात वैशाख लागला की जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील रस्ते सकाळी अकरानंतर ओस पडू लागतात. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, रात्री उशिरापर्यंत भिंतींतून धग निघत राहते आणि शाळांना सुटी लागलेली मुले घरात कोंडली जातात. अशा वेळी थंड हवेची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोकणचा किनारा खान्देशापासून दूरचा, शिवाय मे महिन्यात तेथील हवा घामट असते. त्यामुळे पाण्याकाठी, झाडांच्या सान्निध्यात दोन रात्री तंबूत काढू इच्छिणाऱ्या कुटुंबांचे लक्ष सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळकडे वळते.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हे ठिकाण धुळे जिल्ह्यात मोडत असे. पठारावरील यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाई आणि गोरखनाथांचे मंदिर ही येथील प्रमुख स्थळे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. पठारावर आणि भोवतालच्या पाड्यांवर प्रामुख्याने भिल्ल व पावरा समाजाची वस्ती आहे.

थंडावा किती आणि केव्हा?

नियोजनाचा सारा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे. समुद्रसपाटीपासून जळगाव सुमारे २०० मीटर, धुळे सुमारे २५० मीटर, तर तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने जळगावात ४४ अंश असताना तोरणमाळला ३८ अंशांच्या आसपास तापमान असू शकते. म्हणजे दुपार येथेही तापतेच. खरा फरक जाणवतो तो सूर्यास्तानंतर. मोकळ्या पठारावरील वाऱ्यामुळे हवा लवकर निवते आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागते.

याचा अर्थ सरळ आहे. तंबू रात्रीसाठी वापरावा, दुपारसाठी नव्हे. उन्हात उभ्या असलेल्या बंद तंबूत बाहेरपेक्षा कितीतरी अधिक उष्मा साठतो. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक आणि मधुमेह वा रक्तदाबाचे रुग्ण यांना दुपारी तंबूत झोपवणे धोक्याचे ठरते. सकाळी साडेदहा ते सायंकाळी साडेचार हा काळ दाट सावलीत किंवा पक्क्या छताखाली जाईल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

सावलीबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा. सातपुड्याचे जंगल पानझडीचे आहे. मे महिन्यात सागाची झाडे निष्पर्ण असतात आणि त्यांच्याखाली सावलीऐवजी वाळक्या पानांचा थर असतो. आंबा, जांभूळ, वड यांसारख्या झाडांखालीच दिवसभर सावली टिकते. ती पाहूनच दुपारची जागा ठरवावी.

केव्हा निघावे, कसे जावे?

एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पूर्वार्ध हा काळ सोयीचा. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस, वादळी वारे आणि विजांचा संभव वाढतो. पावसाळ्यात पठार हिरवेगार होते. मात्र सातपायरी घाटात दरडी कोसळण्याचा धोका असतो.

जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा असा मार्ग आहे. धुळ्याहून दोंडाईचामार्गे किंवा शिरपूरमार्गे शहादा गाठता येते. रेल्वेने येणाऱ्यांना भुसावळ-सुरत मार्गावरील दोंडाईचा व नंदुरबार ही स्थानके सोयीची आहेत. शहाद्यापासून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे. शेवटचा टप्पा वळणावळणाच्या घाटाचा असल्याने अंधार पडण्यापूर्वीच तो पार करावा.

खासगी वाहनाने जळगावहून पाच ते सहा तास, तर धुळ्याहून साधारण चार तास धरावेत. पहाटे पाचच्या आत निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी पठार गाठता येते. वाहनातील इंधन, चाकांतील हवा आणि इंजिनातील पाणी यांची तपासणी शहाद्यातच करून घ्यावी. घाटात व पठारावर भ्रमणध्वनीची सेवा सर्वत्र मिळेलच असे नाही. त्यामुळे परतण्याचा दिवस आणि वेळ घरी सांगून ठेवावी.

परवानगी आणि जागेची निवड

पठाराभोवतीचे जंगल राखीव वन आहे. मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. वनक्षेत्रात मुक्काम करायचा असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. गावालगतच्या जागेसाठी ग्रामपंचायतीला आणि खासगी शेत असल्यास मालकाला विचारावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पर्यटक निवास येथे आहे. निघण्यापूर्वी तेथे चौकशी करून दुपारसाठी वा आजारी व्यक्तीसाठी एखादी खोली राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तलाव दिसला की अगदी पाण्याच्या कडेला तंबू लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. उन्हाळ्यात ओढे आटल्यावर गुरे आणि वन्यप्राणी याच पाण्यावर येतात. सातपुड्यात बिबट्या व अस्वलाचा वावर आहे. पाण्याकडे जाणारी पायवाट अडवली गेल्यास प्राणी आणि माणूस दोघांनाही धोका संभवतो. काठापासून किमान ६० मीटर, म्हणजे सुमारे ८० पावले दूर, सपाट व किंचित उंच जागा निवडावी. एकटे उंच झाड, वाळलेल्या फांद्या आणि दरीची कड टाळावी.

पाण्याचा हिशेब

तलावात पाणी दिसत असले तरी ते पिण्यासाठी गृहीत धरू नये. उन्हाळ्यात सातपुड्यातील अनेक पाड्यांवर महिलांना पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. अशा वेळी पर्यटकांनी गावच्या हातपंपावर भार टाकणे योग्य नव्हे.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज पाच लिटर पाणी धरावे. चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन जार लागतात. सोबत जलसंजीवनीची पाकिटे, कांदे आणि कैरीच्या पन्ह्याचा अर्क ठेवावा. भांडी व कपडे तलावात धुऊ नयेत. बादलीत पाणी घेऊन काठापासून दूर धुवावेत आणि साबण शक्यतो वापरूच नये.

विस्तवाला मज्जाव

तंबूसमोर शेकोटी हे चित्र अनेकांच्या मनात ठसलेले असते. मे महिन्यातील सातपुड्यात ते चित्र विसरावे लागते. वाळक्या सागपानांवर पडलेली एक ठिणगी वाऱ्याने काही मिनिटांत वणवा पेटवू शकते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. अभयारण्यांमध्ये १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील कलम ३० लागू होते.

कायद्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न पोटाचा आहे. मोहाची फुले, चारोळी, तेंदूपत्ता आणि आंब्यापासून तयार होणारे आमचूर यांवर येथील कुटुंबांची उन्हाळ्यातील मिळकत अवलंबून असते. एका निष्काळजी शेकोटीने हे सारे जळून जाऊ शकते. म्हणून पहिल्या दिवसासाठी घरून दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असा कोरडा शिधा न्यावा. स्वयंपाक करायचाच असल्यास लहान गॅस शेगडी परवानगी असलेल्या मोकळ्या, पालापाचोळा झाडलेल्या जागीच वापरावी आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी. वणवा दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सोबत काय असावे?

दोन्ही बाजूंना जाळीदार खिडक्या असलेला तंबू, जमिनीवर अंथरण्यासाठी ताडपत्री, पठारावरील कडक जमिनीत शिरतील अशा लोखंडी खुंट्या व हातोडी, जादा दोरी, प्रत्येकी एक चादर, दोन विजेऱ्या, टोप्या, प्रथमोपचार पेटी आणि कचऱ्यासाठी मोठ्या पिशव्या एवढे सामान पुरेसे आहे. विंचू-सापांपासून बचावासाठी तंबूची चेन सदैव बंद ठेवावी आणि बूट घालण्यापूर्वी झटकावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे असे उपाय न करता रुग्णाला थेट शासकीय रुग्णालयात हलवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. गडगडाट सुरू होताच तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत आश्रय घ्यावा.

जवळचे पर्याय

ज्यांना इतका प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील पाल आणि चाळीसगावजवळील पाटणादेवी, तर धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर आहे. पाल हे १९६९ मध्ये घोषित झालेल्या यावल अभयारण्याच्या परिसरात, तर पाटणादेवी १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. अनेर धरणालगतही अभयारण्य आहे. तिन्ही ठिकाणी प्रवेश व मुक्कामाबाबत वनविभागाचे नियम पाळावे लागतात. तोरणमाळच्या तुलनेत ही ठिकाणे सखल असल्याने उन्हाळ्यात तेथे थंडाव्याची अपेक्षा मर्यादितच ठेवावी. एका सकाळच्या सहलीसाठी मात्र ती उत्तम आहेत.

तोरणमाळचा थंडावा खरा आहे. पण तो रात्रीचा आणि पहाटेचा आहे. दुपारसाठी सावली, तीन दिवसांचे पाणी आणि विस्तवाविना शिधा यांची सोय करून जाणाऱ्यालाच तो पुरेपूर लाभतो. परतताना सोबत नेलेला सारा कचरा शहाद्यापर्यंत आणावा आणि गावातून किलोभर आमचूर विकत घ्यावे. पाहुणचाराची तेवढी परतफेड तर व्हायलाच हवी.