दिवस एक, वर्षं बत्तीस

पहाटेचे पाच. साल 1993, नोव्हेंबर महिना. तुम्ही एका अरुंद बांधावर उभे आहात आणि डोळ्यांआधी नाकालाच कळतं आपण कुठे आलोय ते. चिखल, शेवाळ, ओलं सुतळी जाळं. समोरच्या पाण्यात दहा-बारा माणसं कंबरेपर्यंत उतरून जाळं ओढताहेत. जाळ्याचा घेर आवळत येतो तसं पाणी खळबळायला लागतं, आणि रुई-कातला माशांची रुपेरी पाठ वर येऊन पुन्हा बुडते. ही भेरी. मासे वाढवण्यासाठी बांध घालून राखलेलं उथळ, लांबरुंद तळं.

इथं अजून न्यू टाउन नाही. आहे तो राजारहाट. कलकत्त्याच्या ईशान्येचा, दमदम विमानतळाजवळचा सखल मुलूख. महिषबाथान, थाकदारी, यात्रागाछी, घुनी, पाथरघाटा ही गावं. अमन भात कापणीला आलंय, बांधावरच्या खजुरांच्या मानेला रसाची मडकी बांधलीत आणि व्हॅनरिक्षावर वांगी, मुळा, फुलकोबी रचून माणसं बागुईआटीच्या बाजाराकडे निघालीत. इथून दक्षिणेला पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा पसरल्यात. महानगराचं सांडपाणी तिथल्या भेऱ्यांत सोडतात, बंगालचं ऊन आणि शेवाळ मिळून ते पाणी निवळतं आणि त्यावर मासे पोसतात. पुढे 2002 मध्ये या सुमारे 12,500 हेक्टर प्रदेशाला रामसर यादीत जागा मिळेल. आज मात्र कुणाला त्याचं अप्रूप नाही. आडतीवर लिलाव पुकारला जातोय, इतकंच.

आडतीच्या कडेला चुलीवर पितळी पातेलं आहे. तुम्हाला कागदाच्या पुडीत मुडी मिळते, म्हणजे आपले मुरमुरे, वर वाटाण्याची वाफाळती घुगनी, कच्च्या मोहरीच्या तेलाची धार आणि एक हिरवी मिरची. तेल नाकात चढतं. चहा मातीच्या भाँडात येतो. भाव, उधारी, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं इथेच बोललं जातं. हे दुकान कुठल्याही नकाशावर नाही. हे लक्षात ठेवा, कारण दिवसभर मी तुम्हाला अशाच दुकानांत नेणार आहे.

दहा वाजले. साल 2002. शहराचं नाव आता कोलकाता झालंय. तुम्ही त्याच बांधावर आहात, पण बांध नाही. वाळू आहे. डोळे दुखतील इतकी सपाट वाळू, मधून आखलेले रुंद रस्ते आणि त्यांवर एकही दुकान नाही. 1999 मध्ये स्थापन झालेल्या हिडको या सरकारी महामंडळाकडे न्यू टाउन हे नवं शहर उभारायचं काम आहे. जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्यानं घेतली गेली. आराखड्यात शहराचे तीन भाग पाडलेत, ॲक्शन एरिया एक, दोन आणि तीन. मध्ये उरलेल्या जुन्या गावांना कागदोपत्री नाव पडलंय ‘सर्व्हिस व्हिलेज’. सेवा देणारी गावं! कोणाची सेवा, ते दुपारी कळेल.

मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. आपल्याकडे 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. तिथं शेतकऱ्यांच्या बाजूनं दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघरच्या लढ्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. ती योजनाही अनेकांना नीट मिळाली नाही हे खरं, पण निदान मागायला एक आकडा हाती होता. राजारहाटच्या शेतकऱ्यांच्या हाती तसा आकडा आला नाही. वाळूवरून चालताना मला तेच आठवत राहतं.

पाय भाजताहेत. पुढे चला, भूक लागली असेल.

दुपारचा एक, साल 2009. काचेच्या इमारती. डीएलएफच्या आयटी पार्कमधून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी लोंढ्यानं बाहेर पडतात. आत कॅन्टीन आहे, तरी ती बाहेर येतात. रस्त्याच्या कडेला बांबू आणि निळ्या ताडपत्रीच्या टपऱ्यांची रांग लागलीय, एकीला लागून दुसरी. चाऊमिनचा तवा खणखणतोय, अंड्यात बुडवलेला पाव तेलात पडतोय, आणि सगळ्यांत जास्त गर्दी आहे ती भातेर होटेलात, आपल्या भाषेत झुणका-भाकर केंद्राची बहीण शोभेल अशा खानावळीत.

बाकावर सरकून जागा करून घ्या. स्टीलच्या ताटात भाताचा ढीग पडतो, बाजूला पातळ मसूर डाळ, कुरकुरीत आलू भाजा, कांद्याची फोड, आणि गंधराज लिंबाची एक चकती. ती चकती पिळायच्या आधी नुसती हुंगा. सालीचा वास आख्ख्या बाकावर दरवळतो. रसापेक्षा या लिंबाचं मोल सालीतच आहे. मग वाटीत माछेर झोल. पातळ, हळदी-जिऱ्याचा, बटाट्याची लांब फोड आणि रुईचा तुकडा. आपण कोकणातल्या कालवणासारखा घट्टपणा त्यात शोधू नये. हा रस्सा रोज खाता यावा म्हणून हलका ठेवलेला असतो, आणि ऑफिसात परतणाऱ्याला दुपारी नेमकं तेच हवं असतं.

“आर एकटू भात देबो?” वाढणारी माशी, म्हणजे मावशी, विचारते. सगळे तिला माशीच म्हणतात. तुम्ही हो म्हणता. ती भाताचा मोठा डाव ताटात उलटा करते. गर्दी ओसरल्यावर चहा पिता पिता तुम्ही विचारता, माशी, घर कुठं? ती पळी हातात धरूनच मागे वळते आणि समोरच्या काचेच्या इमारतीच्या पलीकडे दाखवते. घर तिकडे, गावात. आणि जमीन? पळी थोडी अलीकडे सरकते. इमारतीवरच थांबते.

ही कहाणी एकट्या माशीची असती तर मी तुम्हाला इथं आणलं नसतं. इशिता दे, रणबीर समाद्दार आणि सुहित सेन यांनी 2013 साली ‘बियाँड कोलकाता’ हे पुस्तक लिहिलं, ते या राजारहाटवरच. जमीन गेलेली माणसं नव्या शहरात चहावाले, रिक्षावाले, रखवालदार, मोलकरणी कशी झाली ते त्यात नोंदलेलं आहे. आराखडा काढणाऱ्यांनी हजारो लोक कामाला येतील हे धरलं. ते एकच्या सुमाराला जेवतील, चारला चहा पितील, आणि त्यांना ते परवडेल अशा भावात लागेल, हे धरलं नाही. ती चूक माशीनं निस्तरली. म्हणून मला तिची टपरी अतिक्रमण म्हणवत नाही. या शहराचं पहिलं खरं उपाहारगृह तेच.

झोल संपवा, हात धुवा. उन्हं उतरताहेत.

चार वाजले. साल 2018, डिसेंबर. इथं दिवस लवकर मावळतो, पाचच्या आत सूर्य गेलेला असतो, तेव्हा पाय उचला. टोटोत बसा. ही बॅटरीवरची रिक्षा या काही वर्षांत गल्लोगल्ली पसरलीय. विश्व बांगला सरणी या मोठ्या रस्त्यानं तुम्ही इको पार्कला येता. 480 एकरांचं हे उद्यान 2012 च्या डिसेंबरअखेर उघडलं, मधोमध शंभराहून जास्त एकरांचं तळं. लोक ताजमहाल नि पिरॅमिडच्या प्रतिकृतींपुढे फोटो काढतात. आपण तिकडे नको, रस्त्याच्या कडेच्या मिष्टी हबकडे वळू. याच वर्षी जुलैत सुरू झालेली ही जागा म्हणजे शहरातल्या नामांकित मिठाईवाल्यांना एका छपराखाली आणायची सरकारी कल्पना.

गेल्या वर्षी, 14 नोव्हेंबरला, बांगलार रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि काउंटरमागचा माणूस त्याबद्दल आपणहून बोलतो. बागबाजारचे नवीनचंद्र दास, 1868, ओडिशाशी चाललेला वाद, सगळं. त्याचं ऐका, पण रसगुल्ला आज राहू द्या. हिवाळ्यात नलेन गुडाचं मागा. शिऊली म्हणवणारे, झाडावर चढणारे लोक संध्याकाळी खजुराच्या मानेला खाच पाडून मडकं बांधतात, रात्रभर रस ठिबकतो, पहाटे तो उतरवून कढवतात. उशीर झाला की रस आंबतो, म्हणून हे काम थंडीतच जमतं. त्या गुळाचा जलभरा संदेश समोर येतो. तो चावायचा नाही हं, सावकाश तोंडात धरून कड मोडायची. एकदम चावलात तर आतला पातळ गूळ हनुवटीवर. मग जयनगरचा मोआ घ्या. कनकचूड जातीच्या सुवासिक भाताच्या लाह्या, हाच गूळ, वर खवा आणि बेदाणा. यालाही 2015 पासून मानांकन आहे. मला विचाराल तर बंगालची थंडी चाखायची ती या लाडवात.

एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. दुकानं देखणी आहेत, पण रांग नाही. रुंद रस्त्याच्या कडेला चालत कोणी येत नाही, गाडी थांबवून उतरावं लागतं. तिथून थोड्या अंतरावर हातगाडीवरच्या फुचक्यापुढे, म्हणजे आपल्या पाणीपुरीपुढे, मात्र पंधरा जणं द्रोण पुढे करून उभी आहेत. चिंचेच्या पाण्यात गंधराज पिळलंय. तुम्हीही उभे राहा.

सात वाजले, साल 2019. नारकेलबागानच्या चौकावर विश्व बांगला गेटच्या दोन कमानी एकमेकींना छेदतात, आणि त्यांना टांगलेल्या काचेच्या गोल कड्यात, रस्त्यापासून सुमारे 25 मीटर उंचीवर, उपाहारगृह आहे. लिफ्टनं वर या, सरबत घ्या. आखीव रस्ते, ब्लॉक, दिवे वरून नीट दिसतात. टपऱ्या या उंचीवरून दिसत नाहीत. फार रेंगाळू नका.

रात्रीचे नऊ. साल 2025. ताडपत्रीच्या जागी आता चाकांवरच्या गाड्या आल्यात, एलईडी दिवे आहेत, पैसे मोबाइलवर देतात. रस्त्याच्या मधोमध मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेचे खांब उभे राहिलेत. तिची दक्षिणेकडची गाडी या ऑगस्टपासून बेलेघाटापर्यंत येऊ लागलीय, इथवर यायची आहे. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये कोलकात्यात आणि आसपास फेरीवाल्यांवर कारवाई झाली, तेव्हा या धंद्यातली माणसं कित्येक रात्री झोपली नसतील. 2014 चा केंद्रीय कायदा सांगतो की फेरीवाल्यांची पाहणी पूर्ण करून प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, आणि शहराच्या फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. पुण्या-मुंबईतही हाच कायदा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

रोलच्या गाडीपुढे उभे राहा. शेजारी टाटा मेडिकल सेंटरमधली पाळी संपवून आलेल्या दोन परिचारिका आहेत, आलिया विद्यापीठाची पोरं, एक डिलिव्हरीवाला, आणि नातेवाइकाच्या उपचारासाठी ईशान्येकडून आलेलं जोडपं. पराठा तव्यावर पडतो, त्यावर अंडं फुटतं, पराठा उलटतो. कांदा, मिरची, लिंबू. “दादा, लंका एकटू कम,” तुम्ही म्हणता, आणि तो हसून तरी दोन मिरच्या टाकतोच.

तुम्ही खांबांकडे बोट करून विचारता, मेट्रो आल्यावर धंदा बुडेल का? तो कागदात रोल गुंडाळता गुंडाळता मान हलवतो. त्यानं कंत्राटदाराच्या मजुरांकडून सगळं काढून घेतलंय. स्टेशन कुठं, जिना कुठल्या बाजूला उतरणार, शेवटच्या पायरीपासून बसथांबा किती पावलांवर. मोकळ्या हातातल्या उलथन्यानं तो फुटपाथचा एक चौकोन दाखवतो. तिथं सकाळी सातपासून लागायचं, म्हणतो, आणि चहाही ठेवायचा. भाऊ तयार आहे.