गतीपासून वीज : एका अपयशाचा अर्थ

तारेच्या वेटोळ्यात चुंबक मागेपुढे सरकवून वीज उत्पन्न करण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या विज्ञानप्रदर्शनांत हमखास आढळतो. तो सोपा वाटतो; परंतु त्यामागील तत्त्व हाती येण्यास अकरा वर्षे लागली. ती का लागली, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात उद्बोधक होय.

विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हे ऑर्स्टेड याने १८२० मध्ये दाखविले. तेव्हा उलटपक्षी चुंबकापासूनही वीज मिळावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. मात्र प्रवाह चालू असेपर्यंत सूची विचलित राहते, यावरून चुंबक वेटोळ्याजवळ असेपर्यंत प्रवाहही टिकून राहील, असे गृहीत धरले गेले. जिनीव्हाच्या कोलादों याने १८२५ मध्ये हा प्रयोग केला. चुंबकाचा साक्षात् परिणाम होऊ नये म्हणून प्रवाहमापक त्याने दुसऱ्या खोलीत ठेवला होता. तेथे जाऊन पाहीपर्यंत सूची पूर्वस्थानी आलेली असे. जी दक्षता शास्त्रशुद्ध, तीच शोधाच्या आड आली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडन येथे मायकेल फॅरडे याने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एकास विद्युत्घट जोडताना व तोडताना दुसऱ्याच्या तारेजवळील सूची क्षणभर हलली. मधल्या काळात ती निश्चल राहिली. हा क्षणिकपणा प्रयोगातील दोष नसून घटनेचा स्वभावच आहे, हे पुढील प्रयोगांनी स्पष्ट झाले. १७ ऑक्टोबरला साडेआठ इंच लांबीचा चुंबक वेटोळ्यात घालताना सूची एका दिशेस, तर काढताना विरुद्ध दिशेस वळली. २८ ऑक्टोबरला चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरविताच प्रवाह अखंड मिळू लागला. १८३२ मध्ये पॅरिसच्या पिक्सी याने हाताने फिरविण्याचे जनित्र तयार केले.

'वीजनिर्मिती' हा रूढ शब्द मात्र येथे फसवा ठरतो. प्रवर्तित प्रवाह स्वतःस कारण झालेल्या गतीस विरोध करतो, हे लेन्झ याने १८३४ मध्ये मांडले. चुंबक सरकविणाऱ्या हातास त्यामुळेच अधिक श्रम पडतात. वीज शून्यातून निर्माण होत नाही; ती त्या श्रमांचेच रूपांतर असते. म्हणून विद्यार्थ्याने दिवा लागला एवढीच नोंद करून थांबू नये. चुंबक थांबताच तो विझला, ही नोंद अधिक मोलाची; कोलादोंच्या दृष्टीतून निसटले ते नेमके हेच.