मुका केलेला बातमीपट

वृत्तपत्रांचा इतिहास शिकवायचा म्हटला म्हणजे आमची गाडी १८३२ च्या 'दर्पण'पासून सुटते, ती 'केसरी', 'मूकनायक' अशी ठरलेली स्टेशने घेत परीक्षेपाशी येऊन थांबते. धडगावची माझी पोरं सनावळ्या चोख पाठ करतात. पण बातमी कोणी, कशी घडविली, हे सनावळीत कुठून दिसणार? म्हणून मी वर्गात जुने बातमीपट दाखवू लागलो.

आरंभ मात्र न दिसणाऱ्या चित्रापासून होतो. केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले, त्यांचे स्वागत सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, चित्रित केले. हिंदुस्थानातला पहिला बातमीपट म्हणून त्याचे नाव घेतात. आज तो उपलब्ध नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर किती मूकपट मातीमोल झाले! असो. सावेदादांनी कॅमेरा कुठे उभा केला असेल, ते मी मुलांकडून फळ्यावर काढून घेतो. कोणी तो पाहुण्यासमोर ठेवतो, कोणी गर्दीत मागे.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघाली. चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी तिचा पट दाखविणे परवान्याच्या अटीनेच भाग असे. (तेवढ्यात लोक भजी आणायला बाहेर जात, ही गोष्ट निराळी.) धरण, पूल, कारखाना, आणि वरून एकच भारदस्त आवाज. असा पट मी एकदा आवाजासह दाखवितो, मग आवाज बंद करून. दुसऱ्या खेपेस मुलांना पाटी वाहणारी बाई दिसते, अनवाणी पाय दिसतात. या माणसांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यांना बोलू कोणी दिले नाही.

मग आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांची १९९५ ची 'नर्मदा डायरी' लावतो. सरदार सरोवराच्या बुडितातले मणिबेली म्हणजे आमच्या शेजारच्या अक्कलकुव्यातले गाव. इथे माणसे स्वतःच बोलतात. बोलीतले शब्द मलाच मुलांना विचारावे लागले! चित्रकर्ते धरणग्रस्तांच्या बाजूचे आहेत, हेही मी सांगून टाकले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, मग ह्याचापण आवाज बंद करून बघायचा ना?"

केला बंद. वर्ग गप्प. पडद्यावर नदीकाठ आला, तसा मागच्या बाकावरून एकजण पुटपुटला, "असंच होतं आमच्या मामाचं शेत."