एक जूनची जन्मतारीख

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, किंबहुना महाराष्ट्रांतील अनेक खेड्यांत, १ जूनला जन्मलेलीं माणसें पुष्कळ भेटतात. बाळंतपण घरीं झालें, नोंद राहून गेली. शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं वर्ष अदमासानें धरलें व शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकली. पुढें त्या मुलावर पहिला फौजदारी आरोप आला कीं हा अदमासच सर्वांत मोलाचा होतो. कारण कायद्याच्या दृष्टीनें तो अजून मूल आहे कीं नाहीं, हें त्यावरून ठरतें.

१८५० च्या कायद्यान्वयें १० ते १८ वर्षांच्या किरकोळ अपराधी मुलास मॅजिस्ट्रेट एखाद्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून बांधून देऊं शके. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा निघाली. १८९७ च्या कायद्यानें १५ वर्षांखालील मुलग्यांस तुरुंगाऐवजीं अशा शाळेंत धाडण्याची सोय केली. हेतु चांगला, परंतु सारा भर मूल घरापासून दूर नेण्यावर. आईबापांकडून हमी घेऊन मूल परत देण्याचें कलम त्यांत होतें, पण कोपऱ्यांत. १९२४ चा मुंबईचा बालकायदा झाला, १९२७ मध्यें मुंबईंत मुलांचें निराळें न्यायालय बसूं लागलें, आणि घराकडे लक्ष वळलें.

वयाची रेषा मात्र सरकत राहिली. १९८६ मध्यें मुलास १६ व मुलीस १८; २००० मध्यें दोघांस १८. २०१५ च्या कायद्यानें घोर गुन्ह्यांत, प्राथमिक पडताळणी करून, १६ ते १८ च्या मुलावर मोठ्या माणसाप्रमाणें खटला चालविण्याची वाट उघडली. गुरुजींचा एका वर्षाचा अदमास येथें किती महाग पडेल!

याच कायद्याप्रमाणें मुलास पोलीस कोठडींत ठेवतां येत नाहीं. २४ तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें न्यावें लागतें, आईबापांस कळवावें लागतें. वकील विनामूल्य मिळतो. जामीन हा नियम, नकार हा अपवाद. वयासाठीं प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तेव्हांच वैद्यकीय तपासणी. बाप बहुधा आधीं मुलाच्या थोबाडींत देतो आणि "कबूल करून टाक" म्हणतो. त्यापेक्षां त्यानें शाळेंत जाऊन दाखला आणावा. ठाणे जिल्ह्याचें निरीक्षणगृह भिवंडीस. मुरबाडहून एस. टी. नें कल्याण गांठून पुढें जावयाचें, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. तरी आई तेथें हजर हवी; कारण मूल सोडावयाचें तें कोणाच्या स्वाधीन, हें मंडळास त्याच वेळीं ठरवावयाचें असतें.