‘सैरंध्री’ ते रॉ फुटेज : चित्रणाचे दृश्यफितीत रूपांतर आणि रंगाची अचूकता

प्रस्तावना

भारतीय चित्रपटातील रंगाच्या आगमनाची चर्चा बहुधा पहिल्या क्रमांकाच्या वादाभोवतीच फिरत राहिली आहे. १९३३ चा ‘सैरंध्री’ पहिला रंगीत चित्रपट मानावा की १९३७ चा ‘किसान कन्या’, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली. मात्र कॅमेऱ्याने टिपलेला रंग पडद्यावर पोहोचेपर्यंत नेमका कोठे बदलतो, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. डिजिटल कॅमेऱ्यातील रॉ फुटेजचे व्हिडिओत रूपांतर करणाऱ्यासमोर आज तोच प्रश्न उभा असल्याने प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

‘सैरंध्री’चा अनुभव

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले दामले व फत्तेलाल हे प्रभातचे संस्थापक-भागीदार. फत्तेलाल तर मुळात कलादिग्दर्शक. रंगाची जाण नसलेली ही मंडळी नव्हती. तरीही जर्मनीत प्रक्रिया होऊन आलेल्या प्रतींतील रंग भडक व अनैसर्गिक ठरले आणि पुढील वर्षीचा ‘अमृतमंथन’ कृष्णधवलच निघाला.

या अपयशाचे खापर परदेशी प्रयोगशाळेवर फोडणे सोपे आहे; तथापि ते पूर्णपणे न्याय्य नाही. ‘सैरंध्री’साठी वापरलेल्या बायपॅक पद्धतीत दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटून कॅमेऱ्यातून धावत. पुढची निळसर-हिरव्या प्रकाशाची, तर मागची तांबूस प्रकाशाची नोंद घेई. तिसऱ्या मूळ रंगाची स्वतंत्र नोंदच होत नसे. परिणामी हळदीचा पिवळा नारिंगीकडे झुके, हिरवा निळसर होई आणि जांभळा मळकट दिसे. जे निगेटिव्हवर उतरलेच नाही, ते जगातील कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नव्हती. म्हणजे हानीचा मोठा भाग चित्रणाच्या क्षणीच झालेला होता. उरलेली हानी अंतराची म्हणावी लागेल. वस्त्रे व नेपथ्य महाराष्ट्रात आणि छपाई जर्मनीत, अशा स्थितीत मूळ वस्तू शेजारी ठेवून प्रत ताडून पाहणे शक्य नव्हते.

मोती गिडवानी दिग्दर्शित व अर्देशीर इराणी निर्मित ‘किसान कन्या’ची प्रक्रिया भारतातच झाली. त्यामुळे अंतराचा प्रश्न सुटला, परंतु सिनेकलर हीदेखील द्विरंगी पद्धतच होती.

तीन पट्ट्या आणि संदर्भाची नोंद

टेक्निकलरच्या त्रिपट्टी कॅमेऱ्यात लोलकाच्या साहाय्याने प्रकाश विभागून तीन निगेटिव्ह तयार होत. याहूनही महत्त्वाची होती ती त्या कंपनीची शिस्त. दृश्याबरोबर त्याच प्रकाशात एक संदर्भ-तक्ता चित्रित केला जाई व प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ त्यावरून छपाईचा तोल ठरवी. दिग्दर्शकाच्या मनातील रंग कळण्याची ही एकमेव भाषा होती, असे म्हटले तरी चालेल. सोहराब मोदींचा ‘झांसी की रानी’ (१९५३) व शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हे टेक्निकलरचे भारतातील ठळक दाखले होत. रंगाने एकदा हात पोळलेल्या दिग्दर्शकाने बावीस वर्षांनी पुन्हा रंगाकडे वळावे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

रॉ फुटेज : जुना प्रश्न, नवे रूप

ब्राइस बेयर यांना कोडॅकमध्ये असताना १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार संवेदकाचे निम्मे बिंदू हिरवा, पाव तांबडा व पाव निळा प्रकाश मोजतात. रॉ फुटेज म्हणजे ही मोजमापेच होत. त्यांना अद्याप रंग म्हणता येत नाही. मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’मध्ये (२००८) असे चित्रण मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि त्याच्या छायालेखनाला ऑस्कर मिळाले.

बारा बिटांच्या नोंदीत प्रत्येक बिंदूसाठी ४०९६ पातळ्या असतात. नेहमीच्या आठ बिटांच्या व्हिडिओत प्रत्येक रंगघटकासाठी केवळ २५६. त्यात रेक. ७०९ या १९९० च्या मानकाची रंगमर्यादा मूळ संवेदकापेक्षा अरुंद आहे. ‘सैरंध्री’त नोंद अपुरी होती, येथे नोंद विपुल असूनही रूपांतरात ती गमावली जाते. श्वेत-संतुलन, रंग-सारणी व पातळ्यांची वाटणी हे तीनही निर्णय संगणकाच्या मर्जीवर सोडले की निकाल दिसायला आकर्षक लागतो, पण तो मूळ वस्तूचा असतोच असे नाही.

पालघर परिसरातील वारली भित्तिचित्रांच्या दस्तऐवजीकरणात हे स्पष्ट जाणवते. गेरूने सारवलेली भिंत चौकटभर आली की स्वयंचलित श्वेत-संतुलन तांबडेपणाला दोष समजून निळसर छटा मिसळते. गेरू फिका पडतो. तांदळाच्या पिठाची रेघ आधार मानून सुधारणा करावी, तर तो पांढरा कागदासारखा तटस्थ पांढरा नव्हे. त्यामुळे भिंतीवर पडणाऱ्या त्याच प्रकाशात २४ चौकोनांचा रंग-तक्ता काही सेकंद चित्रित करणे, दहा बिटांची प्रत काढणे आणि रूपांतराच्या सर्व नोंदी रॉ फुटेजसोबत जतन करणे आवश्यक ठरते. पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा सारवली जाते व जुने चित्र नाहीसे होते. त्यानंतर ताडून पाहण्यासाठी मूळ वस्तू उरत नाही. हार्ड डिस्कवरील जागा मोकळी करण्यासाठी रॉ फुटेज पुसले असेल, तर तीही वाट बंद होते.