आईच्या वहीची मागची पानं

आई अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाली, तेव्हा सरकारी रजिस्टरं तिनं जमा केली. घरी उरल्या तिच्या स्वतःच्या वह्या. पुढून किराणा-दुधाचा हिशेब, मागून मुलं. यंदा दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत निघाल्या होत्या. मी सहज एक उघडली आणि आवराआवर तिथंच राहिली.

एका मागच्या पानावर असं होतं : ‘बुधवार. विडीवालीची मुलगी, वय चार. तीन महिने एक शब्द नाही. आज चिंचोके वाटले. ओकटी, रेंडू, मूडू करत बारापर्यंत मोजले. पाच-पाचचे ढीग केले. मग माझ्याकडे दोरा मागितला. जुडी बांधायची होती.’

आमची अंगणवाडी सोलापूरच्या पूर्व भागात. इथं घराघरात तेलुगू बोलतात. बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, शेजारी पोरं बसलेली असतात. त्या मुलीनं मोजणं शिकलं ते तिथं. आमच्याकडे मात्र मराठी बडबडगीतं चालायची, म्हणून ती ‘न बोलणारी’ ठरली होती. सरकारी रजिस्टरात तिचं वजन होतं, हजेरी होती, सुकडीचा हिशेब होता. ती बारापर्यंत मोजते, हे फक्त मागच्या पानावर होतं.

मूल काय करतं हे बघून लिहून ठेवायची ही सवय आईला कुठून लागली, हे शोधताना मी बराच लांब गेले.

सुरुवात भावनगरला होते. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९२० साली त्यांनी तिथं बालमंदिर सुरू केलं. रोममध्ये १९०७ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ‘बालगृह’ काढणाऱ्या मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. डॉक्टर रोग्याला बघतो तसं आधी मुलाकडे बघा, शिकवायचं नंतर, ही त्यांची शिस्त गिजुभाईंनी उचलली. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून त्या मराठी पालकांपर्यंत हेच पोचवत राहिल्या.

पण ही बालमंदिरं शहरातली, खर्चिक साधनांची. खेड्यातल्या मुलांचं काय?

सोलापूरकरांना कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत माहीत असते. विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत तिथं. या गोदूताई म्हणजे १९४५ साली डहाणू-तलासरीच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकर. त्याच पट्ट्यात, त्याच वर्षी, ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत होत्या अनुताई वाघ. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर शिक्षकही त्यांच्यामागे कुरणात. ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, खडे आले. मूल जिथं आहे, जे हाताळतं, तिथून सुरू करायचं. त्यासाठी ते कुठं असतं आणि काय हाताळतं हे आधी नीट बघावं लागतं. आईचे चिंचोके याच घराण्यातले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. देशभरात पहिले ३३ प्रकल्प, आणि केंद्रांचं नाव ‘अंगणवाडी’. नाव आलं, पण रोजच्या कामात वजनकाटा पुढे राहिला. मी त्याला नावं ठेवणार नाही. कुपोषणानं मुलं मरतात, आणि वेळेवर दिसलेल्या घसरत्या वजनामुळे ती वाचतात. फक्त एवढंच की ज्याचा रकाना असतो, तेच वर कळतं. २०२१ पासून हे रकाने मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये गेले.

तिकडे इटलीत, युद्ध संपल्या संपल्या, रेज्जो एमिलिया गावच्या पालकांनी स्वतःच बालशाळा उभ्या केल्या. लोरिस मालागुत्सी या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली तिथं मुलांचं बोलणं टिपलं जाऊ लागलं, फोटो-चित्रांसकट भिंतीवर लागू लागलं. पालक थांबून वाचत. जगभरचे शिक्षक आज ते बघायला जातात.

अशी नोंद कशी करायची, हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, “हुशार, मस्तीखोर, मठ्ठ हे शब्द लिहायचे नाहीत. हातानं काय केलं, तोंडानं काय म्हणाली, तेवढंच लिहायचं. तिच्याच भाषेत. आणि त्याच दिवशी, नाहीतर आपण आपलंच घुसडतो.”

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही लहान मुलांच्या परीक्षा नकोत, निरीक्षण करा, त्यांच्या कामाचे नमुने जपा, असंच सांगितलंय. वाचून दाखवलं तर आई हसली. “चाळीस पोरं, एक मदतनीस, आणि रजिस्टरं,” म्हणाली. “मी रोज एकाचंच लिहायचे.”

त्या मुलीचं पुढे काय झालं? पहिलीच्या वेळी एका शाळेत बाईंनी ‘मंद दिसते, वर्षभर थांबा’ म्हणून सांगितलं. आई वही घेऊन गेली. ते पान उघडलं आणि सोबत नेलेले चिंचोके टेबलावर ठेवले. मुलीनं मोजले. तेलुगूतच. तिला पहिलीत घेतलं. नंतर ते कुटुंब घर बदलून गेलं. आता ती कुठे आहे, आईला ठाऊक नाही.

वह्या रद्दीत गेल्या नाहीत. आता रोज रात्री एक पान मी आईला वाचून दाखवते. नाव नसलं तरी पान अर्ध्यावर आलं की ती मूल ओळखते.