दोष आईचा नव्हता



बाळ अधू जन्माला आलं की पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहणात भाजी चिरली असेल, नको ते खाल्लं असेल. हे फक्त आपल्याच गावात घडतं असं नाही. साठ वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या शेकडो आयाही रात्र रात्र जागून स्वतःला विचारत होत्या, माझं काय चुकलं? त्याचं उत्तर त्यांना कसं मिळालं, ते आज आपण ऐकू या.

त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली होती. तिचं नाव थॅलिडोमाइड. पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने ती १९५७ मध्ये झोपेची गोळी म्हणून विकायला काढली. ब्रिटनमध्ये १९५८ पासून डिस्टिलर्स कंपनी ती विकू लागली. या कंपनीचा मोठा धंदा दारूचा, व्हिस्की आणि जिनचा. गरोदरपणातल्या मळमळीवरही ही गोळी दिली जाई. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ती अगदी सुरक्षित आहे, असं कंपनीची जाहिरात सांगत होती. प्रत्यक्षात पाळी चुकल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत घेतलेली एक गोळीसुद्धा पोटातल्या बाळाला अधू करू शकत होती. कुणाला हात नव्हते, कुणाला पाय नव्हते. कुणाचे कान, डोळे, हृदय अधू होतं. जगभरात अशी दहा हजारांहून जास्त बाळं जन्मली. १९६१ मध्ये जर्मनीतले डॉ. विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी या गोळीवर संशय घेतला. वर्ष संपता संपता जर्मनी आणि ब्रिटनमध्ये विक्री थांबली.

अमेरिकेत मात्र ही गोळी दुकानात आलीच नाही. तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही, म्हणून कंपनीने कितीही तगादा लावला तरी त्यांनी परवानगी दिली नाही.

ब्रिटनमध्ये आईबाप कोर्टात गेले. १९६८ मध्ये साठहून जास्त मुलांच्या बाबतीत तडजोड झाली. खटला जिंकला असता तर जेवढे पैसे मिळाले असते, त्याच्या शंभरातले फक्त चाळीस मिळाले. बाकीच्यांची बोलणी वर्षानुवर्षं लांबत गेली. कंपनीची अट अशी, की सगळ्या पालकांनी मान्य केलं तरच पैसे. काही पालकांनी नकार दिला.

या काळात वर्तमानपत्रं गप्प का होती? खटला चालू असताना त्यावर लिहिलं तर कोर्टाचा अवमान होतो, असा तिथला कायदा. न्याय नीट व्हावा म्हणून केलेला हा नियम कंपनीच्या आडोशाला आला. खटला दहा वर्षं रेंगाळला, तर तोंडंही दहा वर्षं बंद.

‘संडे टाइम्स’ या वर्तमानपत्राचे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांनी यातून वाट काढली. त्यांच्या पत्रकारांनी काही वर्षं कागदपत्रं जमवली, पालकांशी बोलले. २४ सप्टेंबर १९७२ ला त्यांनी मोहीम सुरू केली. कायद्याने दोषी कोण, हे त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी हिशेब मांडला. कंपनीचा वर्षाचा नफा कराआधी जवळपास साडेसहा कोटी पौंड, आणि मुलांसाठी देऊ केलेत साडेबत्तीस लाख, तेही दहा वर्षांत मिळून. हे माणुसकीला धरून आहे का?

गोळीची तपासणी कशी झाली होती, यावरचा पुढचा लेख मात्र कोर्टाने छापू दिला नाही. पण लोकांना हिशेब कळला होता. संसदेत चर्चा झाली. काही दुकानदारांनी कंपनीची दारू ठेवणं बंद केलं. आपल्या गटात जशी प्रत्येकीची बचत असते, तसे कंपनीत भागधारकांचे पैसे असतात. त्या भागधारकांनीच कंपनीला जाब विचारला. १९७३ च्या सुरुवातीला कंपनी दोन कोटी पौंडांवर आली.

अडवलेला लेख १९७६ मध्ये छापून आला. १९७९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ९ मतांनी ठरवलं, की लेख अडवणं चूक होतं. त्यानंतर १९८१ मध्ये ब्रिटनने कायदाही बदलला.

मैत्रिणींनो, पैशाने त्या मुलांचे हातपाय परत आले नाहीत. पण बोट आईवरून हललं आणि जिथे जायला हवं तिथे गेलं. पत्रकार लिहू शकले, कारण आईबाप बोलले आणि कागद जपलेले होते.

म्हणून आम्ही सगळ्या गटांना सांगतो. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या न चुकता घ्या. दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, मी गरोदर आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाची पावती, गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नका. आणि कुणाच्या घरी बाळ अधू जन्मलं, तर त्या बाईला दोष देणारं पहिलं वाक्य आपल्या तोंडून निघू देऊ नका. तिच्याजवळ बसा आणि काय काय झालं ते विचारा.